अठ्ठाविसावं शेवटचं वर्ष

डॉक्टरांनी कामिनीबाईंचा डावा गुडघा जमेल तितका वाकवला, त्यावर प्लॅस्टिकचा कोनमापक धरला आणि म्हणाले, "पंच्याण्णव."

कामिनीबाईंनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे आकडा ऐकल्यावर वाईट वाटायच्या आधी त्यांना कुतूहल वाटलं. "मांडी घालायला किती अंश लागतात?"

"तुमच्याकडे आहेत त्याहून बरेच जास्त," डॉक्टर हसले. "दोन्ही गुडघे बदलून टाकू. मग चाला, पोहा, जिने चढा. फक्त जमिनीवर बसायचं नाव काढायचं नाही."

"कधीच?"

"खुर्ची आहे की."

ऑपरेशनची तारीख ठरली महालक्ष्म्या गेल्यावर दहा दिवसांनी. दवाखाना रामदासपेठेतच होता, घरापासून चार मिनिटांवर. कामिनीबाईंना परत यायला अकरा लागली. त्या अकरा मिनिटांत त्यांच्या डोक्यात खुर्ची नव्हती, पोहणं नव्हतं, भूल देण्याची भीतीही नव्हती. एकच गोष्ट होती. यंदा नाही, तर कधीच नाही.

घरी स्वयंपाकघरात त्यांच्या सासूबाई, भागीरथाबाई, वय अठ्ठ्याऐंशी, उकिडव्या बसून विळीवर कोहळं चिरत होत्या.

"काय म्हणे वं डॉक्टर?"

"गुडघे बदलायचे म्हणतात, आई."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"अवं माय!" भागीरथाबाई भिंतीला हात न लावता उठल्या, साली कचऱ्यात टाकल्या आणि परत तशाच उकिडव्या बसल्या. "मायाहून बावीस वर्षांनं लहान तू. जपत जा जरा."

आता, यंदा नाही तर कधीच नाही असं नेमकं काय होतं, ते सांगायला हवं.

भाद्रपदात या घरात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी, आणि त्यांची दोन बाळं. पितळेचे मुखवटे ताटात तांदळांवर ठेवायचे, खालच्या फाटकापासून वाजतगाजत वर आणायचे आणि साडी नेसवून उभ्या केलेल्या मूर्तींवर बसवायचे. कुणी काय आणायचं हे ठरलेलं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या सवाष्णीनं ज्येष्ठा आणायची आणि पाटावर बसून पूजाही तिनंच करायची. तिच्या खालचीनं कनिष्ठा. तिच्या खालचीनं बाळं. आणि सगळ्यांत लहान पोरीनं पुढे थाळी वाजवत चालायचं.

भागीरथाबाईंच्या हाती ज्येष्ठा बासष्ट वर्षं होती. कामिनीबाई चव्वेचाळीस वर्षं कनिष्ठा आणत होत्या. त्यांची सून सरिता बँकेत मॅनेजर झाली, तिच्या हाताखाली चौदा माणसं आली, पण भाद्रपदात ती वीस वर्षं बाळंच आणत होती. सरिताची मुलगी उन्नती चौथ्या वर्षापासून थाळी वाजवत होती. आता ती अठरा वर्षांची होती, कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती आणि दर वर्षी विचारत होती, "माझं प्रमोशन कधी?"

पूर्वी हे प्रमोशनचं खातं यमराज सांभाळायचे. भागीरथाबाईंची सासू अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली आणि सव्विसाव्या वर्षी ज्येष्ठेचं ताट यांच्याकडे आलं. बाईआधी यजमान गेले, तरी ताट जायचं. रीत निर्दय होती, पण रांग पुढे सरकत होती. या घराचा पत्ता मात्र यमराज विसरले. भागीरथाबाईंचे यजमान वामनराव ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांनी पोस्टात नोकरी केली तेहतीस वर्षं आणि पेन्शन घेतली चौतीस वर्षं. रोज सकाळी ते पाच किलोमीटर चालायचे आणि येताना ठेल्यावर तर्री-पोहे खाऊन यायचे.

या दोघांचं काही वाईट व्हावं, असं कामिनीबाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर त्याच मोजायच्या आणि ते चांगलं निघालं की त्यांना खरंच बरं वाटायचं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की ज्येष्ठेचं ताट एकदा, एकच वर्ष, आपल्या हातात असावं. चव्वेचाळीस वर्षं त्या कनिष्ठा घेऊन जिना चढत होत्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चौपन्न. लिफ्ट होती, पण "लक्ष्मी लिफ्टनं येत नसते" असा भागीरथाबाईंचा नियम होता. आणि या सगळ्या पायऱ्या चढताना कामिनीबाईंना ज्येष्ठेचं तोंड कधी दिसलं नव्हतं. दिसायची ती सासूबाईंची पाठ.

मग इतक्या वर्षांत मागितलं का नाही?

कारण भागीरथाबाईंचं ते शेवटचं वर्ष असायचं.

एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या भाद्रपदात ज्येष्ठेसमोर हात जोडून त्या म्हणाल्या, "हे मायं शेवटचंच वर्ष हाय वं." सगळं घर रडलं. सावनेरहून त्यांची जाऊ अंजनाबाई आली, तीही रडली. पुढच्या वर्षी त्या पुन्हा तेच म्हणाल्या, पुन्हा सगळे रडले, थोडे कमी. त्यानंतर रडणं बंद झालं, पण म्हणणं चालूच राहिलं. आईचं शेवटचं वर्ष म्हणून शरच्चंद्रांनी, म्हणजे कामिनीबाईंच्या यजमानांनी, चंद्रपूरची बदली नाकारली. मैत्रिणींसोबत अंदमानला जायचा कामिनीबाईंचा बेत तीनदा मोडला. यंदाचं हे अठ्ठाविसावं शेवटचं वर्ष होतं. आणि जिचं शेवटचं वर्ष आहे, तिच्या हातातलं ताट कोण मागणार?

तरी यंदा मागायचंच, असं ठरवून कामिनीबाईंनी न्हाणीघरात नळ सोडून तालीम केली. बाहेर येऊन म्हणाल्या, "आई, मला यंदा जरा…"

"यंदाचं मायं शेवटचंच हाय, कामिनी," भागीरथाबाई म्हणाल्या. "सोळा भाज्या कमी नोको पडू देजो."

"नाही पडू देणार," कामिनीबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन सीताबर्डीला भाजी आणायला गेल्या.

शेवटी गोष्ट फोडली उन्नतीनं, आणि तीही जेवणाच्या टेबलावर. कॉलेजात तिला घरगुती माहिती गोळा करून तक्ता करायला सांगितला होता. बाकीच्या मुलांनी विजेची बिलं घेतली. ही पणजोबांजवळ बसली आणि कागद भरून आली.

"ज्येष्ठेचं ताट सोडलं तेव्हाचं वय," तिनं वाचलं. "मोठ्या आजीच्या आधीच्या तिघी. एक्केचाळीस, सदतीस, अठ्ठेचाळीस."

"ताट सोडलं म्हणजे?" सरितानं विचारलं.

"म्हणजे गेल्या."

सरितानं टेबलाखालून मुलीला लाथ मारली. ती शरच्चंद्रांना लागली.

"आई गं!"

"पण मुद्दा तो नाही," उन्नती म्हणाली. "या घरात आजवर कुणीच स्वतःच्या हातानं दुसरीला ज्येष्ठा दिलेली नाही. एकीनंही नाही. आपल्याकडे त्याची पद्धतच नाही!"

"अन् मायापुढं काय लिवलं वं, पोट्टे?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"बासष्ट वर्षं, नॉट आऊट."

वामनराव खो खो हसले. उन्नतीला चेव आला. "आणि मोठी आजी, तू दर वर्षी शेवटचं म्हणतेस ना, तो हिशोब चुकतो. जो माणूस अठ्ठ्याऐंशीपर्यंत धडधाकट आला, त्याच्यापुढे सरासरी अजून काही वर्षं असतातच. पुढच्या भाद्रपदात तू नसण्यापेक्षा असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे."

"म्हणजे मी यंदा मरत नाही?"

"चान्स कमी आहे."

"मंग अठ्ठावीस वर्षं कायले रडवलं वं आम्हाले?" वामनराव दहीभात कालवत म्हणाले.

तंटा मिटवायची शरच्चंद्रांना जुनी हौस. वय अडुसष्ट, पण या टेबलावर ते अजून पोरगाच होते. ते म्हणाले, "माझं ऐका. इतवारीतून तिसरा मुखवटा करून आणू. तीन महालक्ष्म्या. आई एक, कामिनी एक, सरिता एक. सगळ्यांची सोय."

"घरात बाया वाढल्या म्हणून देव वाढवतं काय गा?" भागीरथाबाई म्हणाल्या. "उद्या हिचं लग्न झालं का चवथी आणशीन?"

"बरं, मग कामिनीला एकदा, या वर्षीच… तिला खाली बसायला त्रास होतो, तर खुर्चीवर बसून ज्येष्ठेची…"

"महालक्ष्मीसमोर खुर्चीवर? आपण काय तिची मुलाखत घेऊन राहिलो?"

सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. कारण कामिनी आणि ज्येष्ठा ही दोन नावं एका वाक्यात पहिल्यांदाच आली होती. भागीरथाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं उन्नतीच्या पानात, नको म्हणत असताना, दुसरी पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मुखवटे घासायला बसल्या. सासू जमिनीवर, सून स्टुलावर, मध्ये चिंच-मिठाची वाटी. रिवाजाप्रमाणे ज्येष्ठा भागीरथाबाईंच्या मांडीवर, कनिष्ठा कामिनीबाईंच्या. 

"आई, मला यंदा ज्येष्ठा आणायची आहे," कामिनीबाई म्हणाल्या.

सहा शब्द. त्यांना चव्वेचाळीस वर्षं लागली होती.

भागीरथाबाईंचा हात थांबला नाही. "काहून?"

"पुढच्या वर्षी मला पाटावर बसता येणार नाही. आणि मला एकदा तिचं तोंड बघत घरात यायचंय. आजवर मी तुमची पाठच पाहिली."

"पाठ चांगली हाय मायी."

"चांगलीच आहे. पण पाठ आहे."

भागीरथाबाईंना हसू आलं. मग ते गेलं. "मंग मी काय करू?" त्या म्हणाल्या.

हे भांडण नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

"तू एवढी शिकलेली, तूच सांग. ज्येष्ठेच्या वर काय असते? मायी सासू हे ताट सोडून थेट भिंतीवरच्या फोटोत गेली. तिची सासूही तशीच. मधातली जागा मले कोणी दाखवलीच नाही. ताट तुले देलं अन् मी कुठं उभी राहू? सोफ्यावर बसू, ह्यांच्या बाजूले, टाळ्या वाजवत?"



"अन् ते शेवटचं शेवटचं म्हणतो ना मी," भागीरथाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिल्या वर्षी खरंच वाटलं होतं. मंग पाह्यलं, असं म्हणलं का कोणी मागत नाही."

"आई!"

"कोणाले सांगू नोको."

कामिनीबाईंना राग यायला हवा होता. अंदमान तीनदा बुडालं होतं. पण सासूबाई ज्येष्ठेचं नाक अंगठ्यानं असं हळूहळू घासत होत्या, की रागाला बसायला जागाच मिळेना.  म्हणून त्यांनी दुसरंच काही सांगितलं.

"मी रिटायर झाले, त्याच्या पुढच्याच महिन्यात पोहायला जायला लागले, आठवतं? तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. मला बेबी बॅचमध्ये टाकलं होतं. सहा-सहा वर्षांची पोरं आणि मी. तो शिकवणारा रोहित, माझ्याच शाळेतला विद्यार्थी. काठावरून ओरडायचा, 'आजी, पाय मारा, पाय!'"

"तुले? हेडबाईले?"

"मला. चार दिवस मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक पोरगी मला म्हणाली, 'घाबरू नको, नाक धर.' पाचव्या दिवशी मी तरंगले."

"मंग?"

"मग मजा यायला लागली. आपल्याला काही येत नसण्याचीही मजा असते, आई. कित्येक वर्षांत मला न येणारं काही सापडलंच नव्हतं."

भागीरथाबाईंनी ज्येष्ठेला उजेडाकडे धरून पाहिलं, पदरानं पुसलं. "पाहू," म्हणाल्या.

पाहू म्हणजे हो की नाही, हे कामिनीबाईंना तीन दिवस कळलं नाही. त्या तीन दिवसांत पुरणाची डाळ निवडून झाली, फुलोरा तळून झाला, आंबिलीचं पीठ दळून आलं, सोळा भाज्या मोजून सोळा झाल्या.  उन्नतीनं विचारलं तेव्हा कामिनीबाई म्हणाल्या, "मागितलं. देणं त्यांच्या हातात." आणि मनातल्या मनात त्यांनी ज्येष्ठेचा विषय डब्यात घालून झाकण लावलं. पाठ तर पाठ.

आवाहनाच्या संध्याकाळी सगळ्या खाली फाटकाजवळ जमल्या. चौकीदार चंपतरावांनी आपलं टेबल रिकामं करून दिलं होतं, त्यावर ताटं मांडली. भागीरथाबाई हिरवं नऊवारी नेसून आल्या होत्या. कामिनीबाईंनी सवयीनं कनिष्ठेचं ताट उचललं. सरितानं बाळांचं. उन्नतीनं थाळी आणि चमचा.

भागीरथाबाईंनी ज्येष्ठेच्या ताटाला हात लावला नाही. त्या उन्नतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"आण ते थाळी."

"कशाला?"

"आता मायी पाळी."

"मोठी आजी, थाळी लहान पोरीची असते!"

"मंग? मी अठराव्या वर्षी ह्या घरात आली, तं सासूनं पहिल्याच भाद्रपदात कनिष्ठा हातात देली. थाळी मले भेटलीच नाही कधी. सत्तर वर्षं मांगून ऐकून राहिली मी." त्यांनी थाळी ओढून घेतली. "तू बाळं घे. सरिता, तू कनिष्ठा. अन् कामिनी…" त्यांनी टेबलाकडे मान हलवली. "घेतं का, का अर्ज लिहून देशीन?"

ताटांची अदलाबदल झाली. सरिता कनिष्ठेकडे पाहत पुटपुटली, "बँकेतसुद्धा इतकी वाट पाहिली नव्हती."

कामिनीबाईंनी ज्येष्ठा उचलली. ताट त्यांना वाटलं होतं त्याहून जड होतं.

ठण. मग बराच वेळ काही नाही. ठण ठण. ठण.

"मोठी आजी, ताल चुकतोय."

"पहिलाच दिवस हाय मायावाला!"

भागीरथाबाई पुढे, मागे तिघी, अशी मिरवणूक जिन्यापाशी आली. आणि जिन्याला वळसा घालून लिफ्टपाशी थांबली.

"पुढं चालते ते वाट दाखवते ना?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"हो," उन्नती म्हणाली. "चौदा वर्षं मीच दाखवली."

"मंग बटन दाब."

शरच्चंद्र फोनवर व्हिडिओ काढत होते. त्यांच्यानं राहवलं नाही. "आई, लक्ष्मी लिफ्टनं येत नसते ना?"

"ते मी ज्येष्ठावाली होती तेव्हा. आता मी थाळीवाली हाय. थाळीवालीले एवढं कळत नसते." आणि त्यांनी कामिनीबाईंच्या गुडघ्यांकडे एक नजर टाकली, इतकी चटकन, की व्हिडिओत ती सापडली नाही.

लिफ्ट आली. "ही सहा जणांची आहे," उन्नती म्हणाली. "देव धरून आपण आठ."

"देवाले वजन नसते."

"पितळेला असतं."

"पोट्टे, आत सरक."

दार लागलं आणि भागीरथाबाईंनी थाळीवर जो चमचा चालवला, त्यानं सगळ्यांच्या कानठळ्या बसल्या. चार भिंती पत्र्याच्या, आवाजाला जायला जागाच नाही. त्यांना ते फार आवडलं असावं, कारण त्यांनी वेग वाढवला. सरिता डोळे मिटून उभी होती. लिफ्टमधली बाई इंग्रजीत मजला सांगायला लागली, तर भागीरथाबाई तिच्यावर ओरडल्या, "ऐकू येऊन राहिलं!"

या सगळ्या गोंगाटात कामिनीबाई ज्येष्ठेकडे पाहत होत्या. इतक्या जवळून, इतक्या उजेडात त्यांनी तिला प्रथमच पाहिलं. बासष्ट वर्षं एकाच अंगठ्यानं घासून तिचं नाक जवळजवळ सपाट झालं होतं. डावा डोळा उजव्याहून किंचित मोठा होता. चेहऱ्यावर देवीपणा वगैरे फारसा नव्हता. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या, जरा खट्याळ बाईसारखी ती दिसत होती. कामिनीबाई तिच्याकडे बघून हसल्या. पितळेत त्यांचंच हसू वाकडंतिकडं होऊन परत आलं.

दारात वामनराव चहा पीत उभे होते. ते गडबडले. "एवढ्या लवकर? पायऱ्या कोणी चोरल्या का?"

दारात पाय धुतले, हळदीकुंकवाच्या पावलांवरून स्वयंपाकघर, देवघर, कपाट सगळं दाखवून झालं. मुखवटे मूर्तींवर बसले. मग कामिनीबाई पाटावर बसल्या. उजवा पाय दुमडून, डावा लांब करून, पंच्याण्णव अंशांत जेवढं बसतं तेवढं. पूजा सावकाश केली, एक फूलही घाईनं वाहिलं नाही. त्यांच्या मागे थाळी मध्येच, काही कारण नसताना, एकदा वाजली.

आरती झाली आणि त्यांना उठता येईना. शरच्चंद्र फोन खाली ठेवायला लागले, त्याआधीच एक सुरकुतलेला हात पुढे आला.

"ऊठ वं. लहान हायेस."

सासूबाईंनी ओढलं आणि सून उभी राहिली. मग भागीरथाबाईंनी पाट पायानं सरकवला, त्याची उंची डोळ्यांनी मोजली आणि मुलाला हाक मारली.

"शरद, ऐक गा. पुढच्या वर्षी हिच्यासाठी उंच पाट करून आणजो. खुर्ची नोको. पाटच, पण असा…" त्यांनी हात गुडघ्याच्या वर धरला. "एवढा. अन् मले पितळेची थाळी. या स्टीलले आवाज नाही."

 लिफ्टमधल्या चौघींपैकी तिघींचे कान अजून वाजत होते, पण हे सगळ्यांना नीट ऐकू आलं होतं.

"पुढच्या वर्षी म्हणाली ही," वामनराव हळूच म्हणाले.

"तं?" भागीरथाबाईंनी चमचा उगारला. "एका दिवसात शिकता येते काय ताल?"